मोबाईलवरची संघनिवड : बिनपैशाची लीग कशी चालवावी



ऊसबिलाचा हप्ता बँकेत जमा झाला की सोसायटीची वसुली, खताची उधारी आणि घरखर्च यांत तो कसा पुरवायचा, ही विवंचना आपल्याला जुनीच आहे. गेल्या काही वर्षांत तीत एक नवी भर पडली. खाते वडिलांच्या नावावर, पण खात्याला जोडलेला मोबाईल पोराच्या हातात, आणि त्या मोबाईलवर क्रिकेटचा 'फँटसी' खेळ. वडीलधाऱ्यांना तो सगळा मटकाच वाटतो, आणि पोरं म्हणतात, "आबा, हा डोक्याचा खेळ आहे." दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. म्हणून हा खेळ मुळात काय आहे, ते आधी पाहू.

फँटसी लीग म्हणजे कल्पनेतला संघ. प्रत्यक्ष सामना खेळणाऱ्या खेळाडूंतून आपण आपला अकरा जणांचा संघ कागदावर निवडायचा. मैदानावर ते खेळाडू जशी कामगिरी करतील, तसे गुण आपल्या संघाला मिळतात. ज्याचे गुण जास्त, तो पुढे. बस्स, एवढेच.

हा खेळ मोबाईलच्या फार आधीचा आहे. १९६२ साली अमेरिकेतील ओकलंड संघाशी संबंधित बिल विंकेनबाख आणि त्यांच्या मित्रांनी अमेरिकन फुटबॉलवर अशी पहिली लीग बसवली. १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट या पत्रकाराने न्यूयॉर्कमधील एका खानावळीत मित्र जमवून बेसबॉलची लीग सुरू केली. त्या खानावळीच्या नावावरूनच तिला 'रोटिसरी' म्हणू लागले. वर्तमानपत्रात छापून येणाऱ्या तक्त्यावरून ही मंडळी हाताने बेरजा करीत. इंग्लंडच्या प्रीमियर लीगची फुटबॉल फँटसी २००२ पासून चालू आहे आणि तिच्यात नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत. तिथे १०० दशलक्ष पौंडांच्या कल्पित रकमेत १५ खेळाडू बसवायचे, आणि एका क्लबाचे तीनपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. मित्रांची खाजगी लीगही सांकेतिक क्रमांक देऊन काढता येते.

आपल्याकडे मात्र हा खेळ पैशाच्या वाटेने आला. ड्रीम इलेव्हन ही कंपनी २००८ साली निघाली आणि २०२३ मध्ये भारतीय क्रिकेट संघाच्या सदऱ्यावर तिचे नाव झळकले. प्रवेश फी ४९ रुपये आणि बक्षीस कोटीचे, अशा जाहिरातींनी गावोगावची पोरं ओढली गेली. ज्या खेळात लाखो लोक फी भरतात आणि वरचे मोजके जिंकतात, तिथे बाकीच्यांचे काय होते, हे वजनकाट्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

शेवटी संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाईन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यातील मुख्य मुद्दा सभासदांनी नीट ध्यानात घ्यावा. पैसे किंवा दुसरी काही पण लावून, जिंकून काही मिळेल या आशेने खेळायचा ऑनलाईन खेळ बंद. मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. कायदा होताच ड्रीम इलेव्हनने पैशाच्या स्पर्धा बंद केल्या आणि सदऱ्यावरचे नावही गेले.

पण पोरांची आवड कायद्याने जात नाही. चोरवाटेने येणाऱ्या लिंका आणि "पैसे दामदुप्पट" सांगणारे ग्रुप आहेतच, आणि तिथे गेलेला पैसा परत मिळवणे अवघड. असा पैसा गेल्याचे कळताच लाज न बाळगता १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर लगेच फोन करावा. जितका उशीर तितकी रक्कम हाताबाहेर जाते. आमच्या मते पोराच्या हातून मोबाईल हिसकावण्यापेक्षा गावातल्या तरुण मंडळाने बिनपैशाची लीग स्वतः चालवावी. ती कशी चालवायची, ते आता सांगतो.

आठ ते बारा गडी पुरेत. त्यांतला एक हिशेबी माणूस कारभारी नेमावा. संघ पाठवायला गूगल फॉर्म करावा, कारण त्यात कोणी किती वाजता संघ पाठवला ती वेळ आपोआप नोंदली जाते. व्हॉट्सॲपवर संघ पाठवला की "मी आधीच टाकला होता, रेंज नव्हती" ही भांडणे ठरलेली. गुणांचा तक्ता गूगल शीटवर ठेवावा. बदल करण्याचा हक्क फक्त कारभाऱ्याला, बघण्याचा सगळ्यांना. कारभारी स्वतः खेळणार असेल तर त्याने आपला संघ सर्वांत आधी जाहीर करावा.

प्रत्येक खेळाडूला ७ ते ११ अशी किंमत लावायची आणि अकरा जणांना मिळून १०० ची मर्यादा ठेवायची. खरी गंमत इथेच आहे. चार नामांकित खेळाडू ११ च्या भावाने घेतले की ४४ संपले. उरलेल्या ५६ मध्ये सात गडी, म्हणजे सरासरी ८ चे. सगळा पैसा लागणीला घालून खोडव्याला खत उरले नाही, तशी गत होते. ८ च्या भावात कोण चालेल हे ओळखणारा पुढे जातो. किंमती कारभाऱ्याने एकट्याने न लावता तिघांनी बसून लावाव्यात.

गुणांचा साधा हिशेब असा ठेवता येईल : धावेला १, प्रत्येक चौकाराला वर १, षटकाराला वर २, बळीला २५, झेलाला ८. बळीला २५ कशासाठी? वीस षटकांत १६० च्या आसपास धावा आणि सहा-सात बळी धरले, तर एका बळीमागे साधारण तेवढ्याच धावा येतात; म्हणजे फलंदाज आणि गोलंदाज समान पातळीवर राहतात. कर्णधाराचे गुण दुप्पट. समजा, कर्णधाराने सहा चौकार, दोन षटकारांसह ५० धावा केल्या. ५० अधिक ६ अधिक ४ म्हणजे ६०, आणि दुप्पट १२०. तिकडे तीन बळी आणि एक झेल घेणाऱ्याला ८३. ही बेरीज पोरांनी एकदा हाताने करावी, मग शीटमध्ये सूत्र बसवावे. शाळेतल्या मुलांचे गणितही होऊन जाते.

संघ पाठवण्याची मुदत पहिल्या चेंडूपर्यंत. नाणेफेकीनंतर कोण खेळणार ते कळते, म्हणून अर्धा तास बदलाला मिळतो. त्यानंतर काही चालणार नाही. गाडी काट्यावर चढली की मोळी काढता येत नाही. पावसाने सामना रद्द झाला तर शून्य की सरासरी, हे आधीच लिहून ठेवावे. नव्या मंडळींची खरी अडचण वेगळीच असते. दुसऱ्या आठवड्यात कोणी मागे पडला की तो संघ पाठवायचेच सोडतो आणि लीग बसते. म्हणून आठवड्याला दोनच बदल करू द्यावेत, आणि एकूण गुणांबरोबर त्या आठवड्याचा पहिला कोण तेही फळ्यावर लिहावे. मागे पडलेल्यालाही पुढच्या रविवारी नाव लागण्याची आशा राहते.

वर्गणी मात्र दहा रुपयांचीही काढू नये. "चहापाण्यापुरती" म्हणून गोळा केलेली रक्कम जिंकणाऱ्याला दिली की ती पणच झाली. विजेत्याला मंडळाच्या खर्चाने फेटा आणि नारळ द्यावा.

क्रिकेटच पाहिजे असेही नाही. प्रो कबड्डी २०१४ पासून चालू आहे. चढाई आणि पकडीचे गुण मोजायला सोपे, आणि आपली पोरं त्यात जास्त जाणती. महिलांची प्रीमियर लीग २०२३ पासून आहे, तर मुलींचा स्वतंत्र गट का नको? स्मृती मानधना सांगलीत वाढली, आणि २०२५ चा विश्वचषक भारतीय मुलींनी नवी मुंबईतच जिंकला.

सुरुवात एखाद्या छोट्या मालिकेपासून करावी, दोन-तीन आठवड्यांची. गुण समसमान झाले तर ज्याने कमी बदल केले तो वर, आणि तेही सारखे असतील तर फेटे दोन आणावेत.