विश्लेषण : सर्व्हर चालू, तरी ‘ॲक्सेस डिनाइड’ का?

साताऱ्यातील पतसंस्था असो, सांगलीतील अभियांत्रिकी महाविद्यालय असो की गळीत हंगामात रात्रंदिवस चालणारा साखर कारखाना. एकाच मोठ्या सर्व्हरवर अनेक ‘व्हर्च्युअल मशिन’ चालवण्याची पद्धत आता नवी राहिलेली नाही. मशिन बंद पडले तर कारण शोधता येते. पण सगळे चालू असूनही ‘परवानगी नाही’ असे उत्तर आले की कामाचा खोळंबा होतो आणि घाईत भलतीच दुरुस्ती केली जाते.

घोडे अडते कुठे?

येथे कुलपे एकावर एक असतात. सर्व्हरवरील हायपरवायजर, त्यावर देखरेख करणारे सॉफ्टवेअर आणि आतल्या मशिनमधील विंडोज किंवा लिनक्स. चाळीचे फाटक उघडले म्हणून खोली उघडत नाही, तसेच हे.

म्हणून पहिला प्रश्न : अडचण एकालाच आहे की सर्वांना? सर्वांना असेल तर आधी घड्याळ पाहावे. विंडोज डोमेनमध्ये सर्व्हरच्या वेळेत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की ओळख पटवणारी कर्बेरॉस यंत्रणा सामान्यतः प्रवेश नाकारते. आणखी एक गमतीशीर पेच म्हणजे डोमेन कंट्रोलरच त्याच सर्व्हरवरचे एक व्हर्च्युअल मशिन असणे. वीज जाऊन आली की ते सुरू करायला लॉगइन हवे आणि लॉगइनसाठी ते सुरू हवे! अशा वेळी सर्व्हरचे स्थानिक खातेच कामी येते.

व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयवर मूळ रचनेनुसार पाच वेळा पासवर्ड चुकला की खाते १५ मिनिटे बंद होते. अनेकदा दोषी माणूस नसतो. जुना पासवर्ड धरून बसलेले बॅकअप सॉफ्टवेअर दार ठोठावत राहते. ‘लॉकडाउन मोड’ चालू असेल, तर थेट लॉगइन होत नाही, व्हीसेंटरमार्फतच जावे लागते. तो बिघाड नव्हे.

एकालाच अडचण असेल तर वरच्या फोल्डरची परवानगी खाली उतरली आहे का, हे तपासावे. व्हीसेंटरमध्ये खालच्या पातळीवर दिलेली परवानगी वरचीवर मात करते.

सरसकट ॲडमिन का नको?

डोमेनला जोडलेला ईएसएक्सआय सर्व्हर ‘ईएसएक्स ॲडमिन्स’ या नावाच्या गटातील प्रत्येकाला पूर्ण अधिकार देत असे. गट खरा की नुकताच बनवलेला, याची खातरजमाच नव्हती. फक्त नाव जुळले की झाले. डोमेनमध्ये गट बनवण्याचा अधिकार हाती आलेल्या रॅन्समवेअर टोळ्यांनी हेच हेरले. मायक्रोसॉफ्टने २९ जुलै २०२४ रोजी हे उघड केले. ईएसएक्सआय ८.० अपडेट ३ मध्ये ही त्रुटी दूर झाली आहे.

दोनच दिवसांनी, ३१ जुलैला, रॅन्समवेअर हल्ल्यामुळे एनपीसीआयने सी-एज टेक्नॉलॉजीजला पेमेंट यंत्रणेपासून तोडले आणि देशातील सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडकले. क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीच्या मते तिथली वाट वेगळी होती : चुकीच्या पद्धतीने मांडलेला जेनकिन्स सर्व्हर.

कळवायचे कधी?

नकाराचे कारण तपासताना लॉगमध्ये अनोळखी खाते किंवा गट दिसला, तर तो केवळ तांत्रिक बिघाड राहत नाही. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अनधिकृत प्रवेशासारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. लॉगही १८० दिवस जपून ठेवावे लागतात.