हुशार लेकरू आणि पहिलीचे वय



यंदाच्या उन्हाळ्यात एका बांधावर साडेचार वर्षांच्या मुलीने बियाण्याच्या पिशवीवरचे नाव घडाघडा वाचून दाखवले. तिची आई म्हणाली, "साहेब, हिला आत्ताच पहिलीत घालायची. एक वर्ष वाढवून लिहिलं तर?"

मला कौतुक वाटले, पण मी नको म्हणालो. माझ्या लहानपणी गुरुजी अंदाजाने १ जून ही जन्मतारीख टाकत. माझे वय असेच वर्षाने वाढले. पाढे तोंडपाठ होते, तरी मोठ्या पोरांत मी वर्षभर मुक्यासारखा बसलो. आता निवृत्तीही वर्षभर आधीच येणार!

आज जन्माचा दाखला असतो. महाराष्ट्रात पहिलीला जायचे तर त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. खोट्या तारखेच्या भानगडीत पडू नका.

मग हुशार लेकराने नुसते थांबायचे का? मुळीच नाही. कांद्याचे रोप सहा-सात आठवडे वाफ्यातच असते, पण तेव्हाही आपण त्याची निगा राखतोच ना? मुलीला रोज अंगणवाडीत पाठवा. शेंगा मोजू द्या, बाजाराची पावती वाचू द्या. रात्री एक गोष्ट तुम्ही सांगा, एक तिला सांगू द्या. शाळेतल्या बाईंकडून गोष्टींची पुस्तके मागून आणा. आणि पहिलीत घालताना, "हिला वाचता येतं," हे बाईंच्या कानावर जरूर घाला, म्हणजे त्या तिला पुढचा धडा देतील.