डबा कुठल्या दिशेनं गेला?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मी कविता लिहिणारा माणूस. सिनेमाशी माझा संबंध तिकीट काढण्यापुरता. पण भाच्याला कॉलेजसाठी तीन मिनिटांचा लघुपट करायचा होता आणि ‘मामू, गोष्ट तुम्ही लिहा’ म्हणून तो अडून बसला.

गोष्ट खरं तर त्याचीच होती. त्याचे वडील कामासाठी हैदराबादला असतात. एकदा सुट्टी संपवून निघताना ते डबा घरीच विसरले. हा डबा घेऊन धावला, पण मुदखेडच्या स्टेशनवर पोचेपर्यंत गाडी सुटली होती. बस, एवढंच. पण ते सांगताना त्याचा आवाज बदलला. मी म्हटलं, गोष्ट पुरे आहे. उमेश कुलकर्णींनी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकताना केलेली ‘गिरणी’ बघ. घरात पिठाची गिरणी येते आणि पोराचं खेळणं सुटतं, एवढ्यावर ती उभी आहे.

मोबाइलवर चित्रीकरण झालं. तुकडे जोडून अम्मीला, म्हणजे त्याच्या नानीला, दाखवले. ती बघत राहिली आणि मध्येच म्हणाली, “ये पोट्टा घर कू वापस कायकू आरा? डब्बा दे दिया क्या?”

चूक माझी होती. घरातून निघताना पोरगा पडद्यावर डावीकडून उजवीकडे धावत होता. पुढं ऊन कॅमेऱ्यात शिरतं म्हणून मीच कॅमेरा रस्त्याच्या पलीकडे न्यायला सांगितला. रस्ता तोच, पोरगा स्टेशनकडेच धावतोय, पण पडद्यावर आता उजवीकडून डावीकडे! स्टेशन कुठं आहे हे मुदखेडकराला ठाऊक असतं. बघणाऱ्याला मात्र फक्त चौकट दिसते.

यावर जुना तोडगा आहे. पोरगा धावतो त्या वाटेवर मनात एक रेघ ओढायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा. दोन माणसं बोलत असली तर रेघ त्या दोघांमधून जाते. पलीकडे जायचंच असेल, तर मध्ये पोरगा थेट समोरून येताना दाखवावा. तिथं डावं-उजवं उरत नाही, बघणारा नवी दिशा मान्य करतो.

मग आम्ही कागद घेऊन बसलो. घर, गल्ली, रस्ता, स्टेशन काढलं, रेघ ओढली, कॅमेऱ्याच्या जागांवर फुल्या मारल्या. एकूण 14 दृश्यं. प्रत्येकासमोर लिहिलं : डबा कुठल्या हातात, शर्टाचं वरचं बटण लागलेलं की उघडं, सावली किती लांब. चित्रीकरण दोन दिवस चाललं तरी पडद्यावर सकाळ एकच असते! दार उघडण्याची कृती आतूनही पूर्ण घेतली आणि बाहेरूनही. हात कडीवर असतानाच आतलं दृश्य सोडून बाहेरचं जोडलं, तर डोळा हाताच्या हालचालीमागं जातो, जोड त्याला दिसत नाही.

हे सुचताना मला दादासाहेब फाळके आठवत होते. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 चा. त्याआधी 1912 मध्ये त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून छोटा चित्रपट केला होता. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर सलग दिसली. मध्येच कॅमेरा कुंडीच्या दुसऱ्या बाजूला गेला असता तर? रोपानं उडी मारली असती.

एक अडचण उरली होती. रेल्वेच्या हद्दीत चित्रीकरणाला परवानगी लागते आणि आमच्या हातात दिवस नव्हते. गाडीशिवाय गाडी सुटलेली कशी दाखवायची? भाच्यानंच मार्ग काढला. पोरगा स्टेशनबाहेरच्या रस्त्यावर थांबतो, धापा टाकत उजवीकडे बघतो. इंजिनाचा भोंगा ऐकू येतो आणि दूर जातो. पोराची नजर हळूहळू चौकटीच्या कडेपर्यंत सरकते. मग फक्त हातातला डबा. तो उजवीकडे बघत असल्यामुळं गाडी तिकडंच गेली, हे सांगावं लागत नाही.

दुसऱ्यांदा अम्मीला दाखवलं. या वेळी तिनं मध्ये काही विचारलं नाही. संपल्यावर चष्मा पुसत नातवाला म्हणाली, “फिर वो डब्बा कोन खाया रे?”