न्यायालयाचा घटस्फोट आणि ख्रिस्तसभेचा निर्णय

बडोद्यात सुरसागर तलावाजवळ न्यायमंदिराची भव्य वास्तू उभी आहे. २०१८ साली जिल्हा न्यायालय नव्या इमारतीत गेले. तोवर कित्येक पिढ्यांचे दावे येथेच चालले. याच बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १९३१ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला. काही जातींत काडीमोडाची चाल पूर्वीपासून होती. ज्यांच्यात ती नव्हती, त्या स्त्रियांना प्रथमच वाट मिळाली. मुंबई प्रांताने असा कायदा १९४७ साली केला. देशभरच्या हिंदूंना तो १९५५ साली मिळाला.

आम्हा ख्रिस्ती लोकांचा कायदा त्याहून जुना, १८६९ सालचा. परंतु त्या जुनेपणाचा अभिमान धरावा असे त्यात थोडेच होते. पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पतीचे काम भागे. पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचाराच्या जोडीला त्याचे क्रौर्य किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. नुसती मारहाण, मग ती कितीही असो, पुरेशी नव्हती! केरळच्या उच्च न्यायालयाने १९९५ साली आणि मुंबईच्या उच्च न्यायालयाने १९९७ साली हा पक्षपात घटनाबाह्य ठरविला, आणि २००१ साली संसदेने कायदा दुरुस्त केला. तेव्हापासून क्रौर्य अथवा दोन वर्षांचा परित्याग ही स्वतंत्र कारणे झाली. उच्च न्यायालयाकडून हुकूमनामा कायम करून घेण्याची अटही गेली.

अर्ज कोठे करावा? जेथे विवाह लागला, जेथे पतिपत्नी राहतात अथवा जेथे शेवटी एकत्र राहिली, तेथील कुटुंब न्यायालयात. ते नसेल तर जिल्हा न्यायालयात. न्यायाधीश प्रथम समेटाचा प्रयत्न करतात. तो फसल्यास साक्षीपुरावा होतो. उभयतांची संमती असल्यास एकत्र अर्ज करता येतो. कायद्याच्या शब्दांप्रमाणे त्यापूर्वी दोन वर्षे विभक्त राहिलेले असावे लागते, आणि अर्जानंतर निदान सहा महिने थांबावे लागते. खटला चालू असता पत्नीने पोटगी मागितल्यास, नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्या अर्जाचा निकाल व्हावा, असे कायदा सांगतो.

आता खरी अडचण. ख्रिस्तसभेच्या विवाह न्यायाधिकरणाने विवाह मुळातच अवैध होता असा निर्णय दिला, की आपण मोकळे झालो, असा पुष्कळांचा समज असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली अशा एका प्रकरणात स्पष्ट सांगितले की, या निर्णयाने कायद्यापुढे विवाह संपत नाही. त्या स्त्रीचा दुसरा विवाह रद्दबातल ठरला. २०१७ सालीही याच न्यायालयाने धर्मसभेच्या निर्णयाला कायद्याची मान्यता मागणारी याचिका फेटाळली. उलट बाजूही तशीच आहे. न्यायालयाचा हुकूमनामा हाती असला तरी ख्रिस्तसभेच्या दृष्टीने विवाहबंधन तुटत नाही. न्यायाधिकरण घटस्फोट देत नाही. विवाहाच्या दिवशी खरा विवाह झाला होता काय, एवढेच ते तपासते. तो झाला नव्हता असे ठरले, तरी मुले अनौरस होत नाहीत. पूर्वी अशा निर्णयाला दुसऱ्या न्यायाधिकरणाचा दुजोरा लागे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ती अट काढली.

यापेक्षाही मनाला लागणारा एक गैरसमज आहे. नवऱ्याने टाकलेली बाई पोटगीसाठी, मुलांसाठी कोर्टाची पायरी चढली, की आपण आता ख्रिस्तप्रसादाला मुकलो असे समजून ती मागच्या बाकावर बसते, आणि शेजारणीही तिला तेथेच बसू देतात. हे खरे नाही. हक्कांच्या वा मुलांच्या रक्षणासाठी दुसरा उपाय नसेल, तर दिवाणी घटस्फोट घेणे चालू शकते, असे ख्रिस्तसभेची शिकवण सांगते. आणि पुनर्विवाह न करता राहणाऱ्या घटस्फोटितेला केवळ घटस्फोटापायी ख्रिस्तप्रसाद नाकारला जात नाही.

वकिलाच्या फीची धास्ती असेल, तर १९८७ च्या कायद्याने स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळू शकतो. जाताना विवाहाचा दाखला बरोबर न्यावा. विवाह चर्चमध्ये लागला असेल, तर त्याची नोंद त्या धर्मग्रामाच्या विवाहवहीत सापडते.