बेअरिंग खाल्लं कुणी?

“काकू, मशीन परत करकरायला लागलंय हो!” सकाळी साडेआठला फोन. तव्यावर पोळी, हातात उलथनं. म्हटलं, झालं, गेले आणखी बाराशे रुपये!

२०२३ च्या दिवाळीआधीची ही गोष्ट. सावेडीतल्या आमच्या बचत गटाने पापड-लोणच्याच्या पुढे जायचं ठरवलं. एमडीएफचे रांगोळीचे छाप, शुभ-लाभ, हळदी-कुंकवाच्या वाणाची तबकं असं काहीबाही. तयार मशीनची किंमत ऐकूनच आम्ही उठलो. मग पॉलिटेक्निकला शिकणाऱ्या माझ्या पुतण्याने घरच्या घरीच सीएनसी राउटर बनवलं. म्हणजे काय, तर एक लोखंडी चौकट, तिच्या दोन बाजूंना दोन गुळगुळीत गोल दांडे, त्या दांड्यांवर पुढे-मागे सरकणारा पूल आणि पुलावर गरगर फिरणारा कटर. कॉम्प्युटरवर नक्षी द्यायची, मशीन ती कोरून काढतं. पूल सरकतो तो चार बेअरिंगवर. बोटभर लांबीची नळी आणि आत बारीक गोळ्यांच्या रांगा. दांडा त्या नळीतून आरपार जातो.

तर ही बेअरिंग दर तीन आठवड्यांनी जात होती. वर्षानुवर्षं टिकायला हवी ती!

मशीन चालवायची आमच्यातलीच एकजण. दहावी झालेली, नवरा गेल्यावर दोन लेकरांना घेऊन माहेरी आलेली. दुसऱ्यांदा बेअरिंग गेली आणि कुजबुज सुरू झाली. “बाईच्या हाती मशीन दिलं की असंच व्हायचं.” “घाई करते, जोरात पळवते.” बोलणाऱ्या बायकाच बरं का! खोटं कशाला सांगू, मीही मनातून डळमळले होते. तिच्या जागी एखादा मुलगा ठेवावा, असा विषय गटाच्या मिटिंगमध्ये निघाला तेव्हा मी गप्प बसले.

पुतण्याचं म्हणणं, भुसा जातोय, ग्रीस वाढवू. वाढवलं. एमडीएफचा भुसा असतो मैद्यासारखा. ग्रीसमध्ये कालवला की त्याचं उटणं होतं, आणि उटणं काय करतं ते आपल्याला सांगायला नको.

शेवटी शेजारच्या काकांना बोलावलं. नागापूरच्या एमआयडीसीत तीस वर्षं फिटर होते. त्यांनी मशीनकडे बघितलंच नाही. आधी विचारलं, “गेलेली बेअरिंग कुठंयत? फेकली असतील!”

फेकली नव्हती. तिने चहाच्या रिकाम्या डब्यात ठेवली होती. प्रत्येकावर मार्कर पेनने खूण, कुठल्या कोपऱ्यातलं आणि कोणती बाजू आत होती. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाली, “शिलाई मशीन उघडताना मी असंच करते.”

काकांनी बेअरिंग रॉकेलमध्ये धुतली, भिंग लावून बघितली. मग आम्हाला दाखवलं. चारही बेअरिंगमधल्या आतल्या बाजूच्या गोळ्याच खरवडलेल्या, बाहेरच्या बाजूच्या कोऱ्या करकरीत. भुशाने खाल्लं असतं तर सगळीकडून खाल्लं असतं. पुलाच्या वजनाने असतं तर वरून झिजलं असतं. आणि हिने मशीन जोरात पळवलं असतं तर बेअरिंगच्या आधी कटर मोडले असते. कटर तर एकही मोडला नव्हता!

मग त्यांनी एमडीएफची एक पट्टी पुढच्या टोकाला दोन दांड्यांच्या मध्ये बरोब्बर बसेल अशी कापली आणि मागे सरकवत नेली. निम्म्यावरच अडकली. मागे बसेपर्यंत कानशीने घासली, परत पुढे आणली, तर फटीत वहीचे सहा कागद मावले! म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. वेल्डिंगच्या उष्णतेने चौकट मागे ओढली गेली होती. पूल मागे गेला की दांडे त्याला आत ओढायचे आणि सगळा भार एका बाजूच्या गोळ्यांवर यायचा. गोळ्यांच्या बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला की आयुष्य आठव्या हिश्शावर येतं, काका म्हणाले. निम्म्यावर नाही हं, आठव्या!

मला राहवेना म्हणून वाचून काढलं. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या एका कापड गिरणीत स्वेन विंगक्विस्ट नावाचा इंजिनिअर होता. तिथली बेअरिंग सारखी जायची. गिरणीखालची माती चिकणमातीची, ती सरकली की शाफ्टची सरळ रेघ बिघडायची. (आपल्या काळ्या रानातल्या घरांच्या भिंती आठवा!) शाफ्ट थोडा तिरपा झाला तरी स्वतःला सावरून घेणारं बेअरिंग त्याने १९०७ मध्ये बनवलं आणि त्यातून एसकेएफ कंपनी उभी राहिली. तिचा कारखाना पुढे आपल्या चिंचवडलाही आला.

आमची दुरुस्ती मात्र शून्य रुपयांत झाली. एक दांडा पक्का केला. दुसऱ्याचे बोल्ट ढिले ठेवून मागच्या टोकाखाली पत्र्याच्या बारीक पट्ट्या घातल्या, कारण तिथे उंचीतही फरक निघाला. मग पूल हाताने हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. दांड्याने आपली जागा आपण शोधली. पूल जिथे उभा, तिथला बोल्ट आवळायचा, असं करत सगळे आवळले. नवी बेअरिंग हातोडीने ठोकायची नाहीत, तेवढ्याच घेराच्या पाइपाने कडेवर सारखा दाब देऊन बसवायची, हेही काकांनी पुतण्याला रागावून शिकवलं. भुसा हवेने उडवायचा नाही, तो आत घुसतो. व्हॅक्यूमने ओढायचा, आणि तोंडाला मास्क बांधायचा. एमडीएफच्या डिंकात फॉर्माल्डिहाइड असतं.

दिवाळीची ऑर्डर वेळेत गेली. मशीन तीच चालवते. त्या मिटिंगमधला विषय कुणी परत काढला नाही, माफीही कुणी मागितली नाही. मी एकदा म्हणायला गेले, तर ती म्हणाली, “जाऊ द्या हो काकू, पट्टी धरा जरा.” दर महिन्याच्या एक तारखेला ती पट्टी दांड्यांमधून फिरवते, आणि दुसरं टोक मला धरायला लावते.