काउडनची जपानी बाग

स्कॉटलंडमध्ये ओकिल टेकड्यांच्या पायथ्याशी डॉलर नावाचे गाव आहे. बँकेच्या वाचकांचे लक्ष या नावाने वेधून घेतले, तरी त्याचा चलनाशी काही संबंध नाही! या गावाजवळ काउडन येथे सुमारे सात एकरांचे जपानी उद्यान आहे. त्याच्या निगराणीत आज स्वयंसेवकांचाही मोठा हातभार लागतो.

एला क्रिस्टी या धाडसी प्रवासिनी १९०७ साली जपानला गेल्या आणि तेथील बागांच्या प्रेमात पडून परतल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी उद्यानाची आखणी ताकी हांदा या जपानी तरुणीकडे सोपवली. एवढ्या मोठ्या उद्यानाची रचना एका स्त्रीने करावी, हे त्या काळी अपूर्वच होते. ओढ्याला बांध घालून तलाव केला गेला. पूल, चहागृहे, दगडी दीप आले. १९२५ मध्ये शिन्झाबुरो मात्सुओ जपानहून येथे माळी म्हणून आले. भूकंपात कुटुंबीय गमावलेल्या या गृहस्थांनी १९३७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ही बाग जपली.

क्रिस्टी १९४९ मध्ये निवर्तल्या. १९५५ नंतर उद्यान लोकांसाठी बंद झाले आणि १९६३ मध्ये काही मुलांनी आत शिरून चहागृहे व पूल जाळले. मात्र आगीपेक्षाही अधिक हानी पुढील पन्नास वर्षांच्या दुर्लक्षाने केली, असे म्हणावे लागेल. जळालेला पूल पुन्हा बांधता येतो. बेसुमार वाढलेल्या झाडाला मूळचा डौल सहजी परत देता येत नाही.

ओसाका कला विद्यापीठाचे प्राध्यापक मासाओ फुकुहारा यांच्या मार्गदर्शनाखाली जीर्णोद्धार झाला आणि २०१९ मध्ये उद्यान पुन्हा खुले झाले. खरी कसोटी तेथूनच सुरू झाली, कारण जपानी बागेचे काम कधी संपतच नाही. ओकायामाच्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर साकारलेले पुण्याचे पु. ल. देशपांडे उद्यान ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्यातील नीटनेटकेपणा आठवेल. तो डोळ्यांना सहज वाटतो, हातांना मात्र नाही.

पाइनच्या झाडाचेच पाहा. वसंताच्या अखेरीस त्याचे कोवळे धुमारे बोटांनी खुडायचे, शरदात जुन्या सुया एकेक करून काढायच्या. असे केले तरच फांद्यांमधून प्रकाश खाली झिरपतो आणि झाड आपल्या मापात राहते. येथे यंत्राचा उपयोग नाही. शेवाळाचे तर विचारूच नये! स्कॉटलंडच्या पावसात ते सुखाने पसरते, पण त्याच पावसावर तणही पोसते. ते गुडघे टेकून, मुळासकट आणि शेवाळाचा थर न उचकटता काढावे लागते. नवख्याला अर्ध्या दिवसात हातभर जागा साफ करता आली, तरी पुष्कळ झाले.

मेपलची लाल पाने पाहण्यासाठी पर्यटक गर्दी करतात. तीच पाने शेवाळावर साचून कुजली, तर खालचा हिरवा थर मरतो. म्हणून ती हलक्या हाताने झाडून घ्यायची. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तितकीच पाने पुन्हा पडलेली असतात.