चिंध्यांचं करायचं काय?

ड्रेस शिवून झाल्यावर टेलरकडून उरलेले तुकडे मागून आणता का? आणाच! 'पॅचवर्क'च्या नावाखाली दुकानात त्याच चिंध्यांचे भरपूर पैसे मोजतो आपण.

पहिला प्रयोग लॅपटॉपच्या कव्हरचा करा. सुती तुकडे आधी धुऊन घ्या, कारण नवं सुती कापड आटतं. सिंथेटिक आटत नाही, म्हणून ते यात नकोच. खाली जुन्या साडीचे दोन-तीन थर, वर तुकडे. कच्चे टाके घाला, नाहीतर थर सरकतात. मग सगळ्यातून धावदोरा. झाली छोटी गोधडी!

व्हिडिओ ढीगभर आहेत. पण घरात गोधडी शिवलेली आजी असेल, तर आधी तिला गाठा. कुठला तुकडा कुणाच्या लुगड्याचा, हे तिलाच ठाऊक असतं आणि ते कुठेच लिहिलेलं नसतं. सुईत दोरा तेवढा तुम्ही ओवून द्या.